के. बी. सुंदरांबाळ: लाख रुपयांचे मानधन आणि त्यामागचा आवाज

प्रश्न असा आहे की, १९३५ साली, म्हणजे तमिळ बोलपट अवघा चार वर्षांचा असताना, तमिळ रंगभूमीवरच्या गायिका-नटी के. बी. सुंदरांबाळ यांना एका चित्रपटासाठी एक लाख रुपये का मिळाले, आणि उभ्या आयुष्यात डझनभरच चित्रपट करूनही तमिळ सिनेमाच्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते. जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचे जतन आणि दक्षिणेकडील संगीत रंगभूमीचा अभ्यास हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

थोडक्यात उत्तर असे की ती रक्कम चित्रपटसृष्टीने नाटकाच्या रंगमंचाला मोजलेली किंमत होती. सुंदरांबाळ कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी पंधरा वर्षांहून अधिक काळाची रंगमंचाची मेहनत होती, घरोघरी वाजणाऱ्या तबकड्या होत्या आणि मद्रास इलाख्यापासून सिलोनपर्यंत पसरलेला श्रोतृवर्ग होता. त्यांची कहाणी सांगणारे बहुतेक जण मात्र पंचविसाव्या वर्षी आलेल्या वैधव्यापाशी आणि त्यानंतरच्या पांढऱ्या साडीपाशी थांबतात. त्या दुःखाविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्या चित्रात एक अत्यंत कुशल, स्वतःच्या अटींवर काम करणारी व्यावसायिक कलावती झाकली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुंदरांबाळ यांचा जन्म १९०८ सालच्या ऑक्टोबरात कावेरीकाठच्या कोडुमुडी या तीर्थक्षेत्री झाला. तमिळ प्रथेप्रमाणे नावाच्या आधी गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर येते. त्यांच्या नावातील ‘के’ हे गावाचे, पण ‘बी’ हे आईचे, बालांबाळ यांचे आहे. घरात अठराविश्वे दारिद्र्य होते आणि लहानगी सुंदरांबाळ आगगाडीत गाऊन चार पैसे मिळवत असे. दक्षिण भारतीय रेल्वेतील अधिकारी आणि त्रिचनापल्लीचे हौशी नाट्यकर्मी एफ. जी. नटेश अय्यर यांच्या कानावर तो आवाज पडला आणि ती मुलगी वेलू नायर यांच्या नाटक कंपनीत दाखल झाली, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पहिल्या भूमिकांपैकी एक ‘नल्लतंगाळ’ या नाटकातील भुकेल्या मुलाची होती. दुष्काळाने पोळलेली आई आपल्या मुलांना घेऊन माहेरी येते आणि तिथेही दार बंद होते, अशी ती करुण कथा आहे. त्यात पोटातली भूक सांगणारे गाणे ही मुलगी गाई तेव्हा प्रेक्षक रडत, असे म्हणतात, आणि ज्या घरातून ती आली होती ते पाहता यात नवल वाटण्याचे कारण नाही.

ज्या व्यवस्थेत त्या घडल्या ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट उमगत नाही. तमिळ प्रदेशात तिला ‘स्पेशल नाटक’ म्हणत. आपल्याकडच्या किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळीसारखी एकत्र राहणारी, एकत्र तालमी करणारी कंपनी त्यात नसे. एखादा कंत्राटदार एका रात्रीच्या खेळासाठी नायक एका गावाहून, नायिका दुसऱ्या गावाहून आणि पेटीवाला तिसऱ्याच ठिकाणाहून बोलावी, आणि कधी कधी ही मंडळी थेट रंगमंचावरच एकमेकांना प्रथम भेटत. हे शक्य होई, कारण नाटके ठरलेली असत. शंकरदास स्वामिगळ (१८६७ ते १९२२) यांनी बांधून दिलेली ‘वळ्ळी तिरुमणम्’, ‘कोवलन’, ‘पवळक्कोडी’, ‘सत्यवान सावित्री’ ही नाटके प्रत्येकाला मुखोद्गत असत आणि तेवढ्या सामायिक सामग्रीवर रात्र उभी राही. तालीम नसल्यामुळे समोरचा नट कोणता राग धरील, कोणत्या पट्टीत गाईल, गद्यातून अचानक वाद कुठे वळवील, याचा काहीही भरवसा नसे. मुरुगन देवाच्या आणि रानकन्या वळ्ळीच्या विवाहाच्या नाटकात तर वळ्ळी आणि नारद यांचा गाण्यातून चालणारा वाद हाच लोकांच्या आकर्षणाचा विषय असे, आणि ज्याला उत्तर सुचले नाही त्याची फजिती हजारो लोकांसमोर होई.

या आखाड्यात, ध्वनिक्षेपक नसताना, रात्री नऊ-दहा वाजल्यापासून पहाटेपर्यंत शेवटच्या ओळीतल्या माणसाला प्रत्येक शब्द ऐकू जाईल असे गायचे, हे सुंदरांबाळ यांचे शिक्षण. कोणत्याही गुरुकुलात मिळणार नाही असा कस त्यात लागतो. त्यांच्या तबकड्या ऐकताना मला सर्वांत आधी जाणवतो तो शब्दांचा ठाम उच्चार. तमिळमधील कठीण मूर्धन्य ध्वनी आणि जोडाक्षरे त्या वरच्या सप्तकातही तोडत नाहीत किंवा गिळत नाहीत. स्वर ताणला तरी शब्द शाबूत राहतो. ही रंगमंचाची देणगी आहे.

कोलंबो आणि सिलोनमधील इतर शहरे तमिळ नाटकवाल्यांसाठी मोठी बाजारपेठ होती. तिथेच १९२६ च्या सुमारास सुंदरांबाळ यांची गाठ एस. जी. किट्टप्पा यांच्याशी पडली. चेंगोट्टैचे किट्टप्पा (जन्म १९०६) हे त्या काळचे अजोड गायक-नट होते. त्यांचा आवाज अतिशय उंच पट्टीचा, लखलखीत आणि द्रुत तानांना सहज वश होणारा होता. त्यांच्यासमोर नायिका म्हणून उभे राहण्यास भलेभले कचरत. सुंदरांबाळ उभ्या राहिल्या आणि टिकल्या. १९२७ साली दोघांचा विवाह झाला. किट्टप्पा आधीच विवाहित होते, आणि ते ब्राह्मण कुटुंबातले असल्यामुळे सुंदरांबाळ यांना त्या घरात पत्नीचे निर्विवाद स्थान कधी मिळाले नाही. रंगमंचावर मात्र ही जोडी अभूतपूर्व ठरली. किट्टप्पांचे बंधू काशी अय्यर पेटीला असत, आणि ‘वळ्ळी तिरुमणम्’मध्ये या दोघांचे सवाल-जवाब ऐकण्यासाठी लोक लांबून गाड्या जुंपून येत.

संसार फार काळ सुखाचा राहिला नाही. अपत्य जगले नाही, किट्टप्पा दुरावले, त्यांना मद्याचे व्यसन लागले. सुंदरांबाळ यांनी त्यांना लिहिलेली काही पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वाचणाऱ्याला त्यांच्या स्वभावाची खरी ओळख होते: प्रेम आहे, तक्रार आहे, पण लाचारी नाही. २ डिसेंबर १९३३ रोजी किट्टप्पांचे निधन झाले. त्यांचे वय जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते आणि सुंदरांबाळ पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी पांढरे वस्त्र धारण केले, कपाळी विभूती लावली, दागिने उतरवले आणि कोणत्याही पुरुष नटासमोर नायिका म्हणून उभे राहणार नाही असा निश्चय केला. तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नायिकेच्या भूमिका नाकारणाऱ्या विशीतल्या नटीचे काम संपलेच, असे त्या काळी कोणीही म्हटले असते. सुंदरांबाळ यांनी मात्र आपल्या निश्चयालाच भूमिकांची निवड करण्याचा निकष बनवले. संत, संन्यासिनी, वृद्ध कवयित्री, पुरुष भक्त, अशा शृंगाराबाहेरच्या भूमिका त्यांनी स्वीकारल्या, आणि त्यासाठी कथा, सहकलाकार व मानधन या तिन्ही बाबतींत निर्मात्यांना त्यांच्याकडे यावे लागले. पुरुषाच्या स्पर्शाशिवाय, प्रणयप्रसंगाशिवाय, केवळ गायनाच्या बळावर चित्रपटाच्या केंद्रस्थानी उभी राहिलेली दुसरी नटी त्या पिढीत मला दिसत नाही.

त्यांना एकांतवासातून बाहेर काढण्यात काँग्रेसचे नेते एस. सत्यमूर्ती यांचा मोठा वाटा होता. सत्यमूर्ती स्वतः मद्रासच्या सुगुण विलास सभेच्या हौशी रंगमंचावर कामे केलेले होते आणि नाटकवाल्यांचे राजकीय सामर्थ्य ओळखणारे ते तिथले पहिले महत्त्वाचे पुढारी म्हणता येतील. ज्या नट-नट्यांना प्रतिष्ठित समाज आपल्या उंबऱ्यात घेत नव्हता, त्यांना त्यांनी सभेच्या व्यासपीठावर बसवले. सुंदरांबाळ यांनी गांधीजींवरची आणि स्वातंत्र्यलढ्याची गीते ध्वनिमुद्रित केली, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत गावोगाव जाऊन प्रचार केला. भाषण ऐकायला न येणारी माणसे त्यांचे गाणे ऐकायला येत, आणि गाण्यानंतर भाषण ऐकूनच परतत. १९५१ साली त्या मद्रास विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. भारतातील विधिमंडळात गेलेली पहिली चित्रपट कलावती म्हणून त्यांची नोंद केली जाते. तमिळनाडूच्या राजकारणावर सिनेमाची जी छाप पुढे पडली तिची चर्चा लोक अण्णादुराई आणि एम. जी. रामचंद्रन यांच्यापासून सुरू करतात. माझ्या मते ती सत्यमूर्ती आणि सुंदरांबाळ यांच्यापासून सुरू व्हायला हवी.

आता त्या लाख रुपयांकडे वळतो. ‘नंदनार’ हा चित्रपट हसनदास यांनी काढला, दिग्दर्शन माणिकलाल टंडन यांचे होते आणि सुंदरांबाळ यांनी त्यात नंदनाराचीच, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. नंदनार हा त्रेसष्ट नायन्मारांपैकी, म्हणजे तमिळ शैव संतांपैकी, एक, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला शेतमजूर. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घ्यायचे एवढीच त्याची आस, आणि ब्राह्मण जमीनदार त्याला सुट्टी देत नाही. मराठी वाचकाला चोखोबांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी या कथेवर गेय आख्यान रचले, आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांसारख्या कथाकारांनी ते घराघरांत पोहोचवले. इथे एक खरा मराठी धागा आहे: कृष्ण भागवतरांनी आपली कथनशैली घडवताना तंजावरात आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या मराठी कीर्तनाचा आदर्श पुढे ठेवला होता, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते आजही तमिळ हरिकथेत त्याच नावांनी ओळखली जातात.

चित्रपटातील जमीनदार ब्राह्मणाच्या भूमिकेत कर्नाटक संगीतातील थोर गायक महाराजपुरम विश्वनाथ अय्यर होते. कथेच्या शेवटी तोच जमीनदार नंदनाराची थोरवी ओळखून त्याच्या पायाशी येतो. अस्पृश्य भक्ताची भूमिका करणारी नाटकवाली स्त्री आणि तिच्यासमोर नमणारा प्रतिष्ठित ब्राह्मण गायक, हे चित्र १९३५ च्या मद्रासमध्ये साधे नव्हते. रकमेचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे की त्या काळी संपूर्ण तमिळ चित्रपट याहून बऱ्याच कमी खर्चात तयार होत असत. निर्मात्याने एवढा धोका पत्करला, कारण बोलपटाला आवाज हवा होता, आणि ज्या आवाजाची ओळख करून देण्याची गरजच नाही असा आवाज रंगमंचावरच होता. शिवाय सुंदरांबाळ यांना चित्रपटात यायची घाई नव्हती. ज्याला काम नको आहे त्याच्याकडून काम करून घ्यायचे तर किंमत वाढते, हा व्यवहाराचा साधा नियम त्यांच्या बाजूने होता.

याच १९३५ साली पुण्यात प्रभात कंपनीने ‘धर्मात्मा’ काढला आणि व्ही. शांताराम यांनी त्यात बालगंधर्वांना संत एकनाथांची भूमिका दिली. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलेला पुरुष नट पडद्यावर प्रथमच पुरुष संत म्हणून आला, आणि त्याच वर्षी तिकडे दक्षिणेत नायिकेच्या भूमिकांनी गाजलेली स्त्री पुरुष संत म्हणून आली. दोन्ही चित्रपटांचा विषय अस्पृश्यता हाच होता आणि दोहोंच्या मागे गांधीजींच्या हरिजन यात्रेने ढवळलेले वातावरण होते. दोन्ही ठिकाणी एक अडचणही समान होती. रंगमंचावरचे गायन प्रेक्षकाच्या प्रतिसादावर फुलते. वन्स मोअर मिळाला की तीच ओळ नव्या अंगाने येते. कॅमेऱ्यासमोर तो प्रतिसाद नसतो, आणि जवळून टिपलेल्या चेहऱ्यावर ताना घेतानाचे कष्ट मात्र दिसतात. ‘नंदनार’ गाण्यांसाठी वाखाणला गेला, पण चित्रपट म्हणून अपेक्षेइतका चालला नाही, आणि ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकात लेखक कल्की यांनी त्यावर कडक टीका केली. १९४२ साली मद्रासच्या जेमिनी या चित्रसंस्थेने त्याच कथेवर दंडपाणी देशिकर यांना घेऊन काढलेला चित्रपट अधिक यशस्वी झाला. तरीही त्यामुळे सुंदरांबाळ यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही, कारण ती चित्रपटाच्या यशावर मुळात अवलंबूनच नव्हती.

पुढचा चित्रपट पाच वर्षांनी आला. ‘मणिमेकलै’ (१९४०) ही प्राचीन तमिळ महाकाव्यातील बौद्ध भिक्षुणीची कथा. राजपुत्राचे प्रेम नाकारून भुकेल्यांना अन्न देणारी ही नायिका सुंदरांबाळ यांच्या निश्चयाला नेमकी जुळणारी होती. त्यातले तुरुंग माझे काय करणार अशा आशयाचे गीत त्या काळच्या श्रोत्यांनी सरळ राष्ट्रीय गीत म्हणूनच ऐकले, आणि ज्या वर्षी वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात होती त्या वर्षी दुसरे काय होणार?

त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी ‘अव्वैयार’ (१९५३) आला. जेमिनीचे मालक एस. एस. वासन यांनी या चित्रपटासाठी अनेक वर्षे आणि अमाप पैसा खर्च केला. दिग्दर्शन कोत्तमंगलम सुब्बु यांचे होते. अव्वैयार म्हणजे तमिळ परंपरेतील वृद्ध कवयित्री, जिची नीतिवचने तमिळ मूल अक्षरओळखीबरोबरच शिकते. तरुणपणीच म्हातारपण मागून घेतलेली, विवाह नाकारून गावोगाव फिरणारी ही स्त्री सुंदरांबाळ यांनी अशी उभी केली की पुढील पिढ्यांसाठी अव्वैयारचा चेहरा म्हणजे सुंदरांबाळ यांचाच चेहरा झाला. हत्तींचा कळप किल्ला फोडतो तो भव्य प्रसंग सर्वांना आठवतो. मला मात्र त्यातले साधे चालण्याचे प्रसंग अधिक आवडतात, ज्यांत काठी टेकत जाणारी म्हातारी वाटेत भेटलेल्यांशी पद्यातून बोलते. त्या बोलण्यात आणि गाण्यात कुठे शिवण दिसत नाही. तीसेक वर्षांपूर्वीच्या स्पेशल नाटकात गद्यावरून पद्यावर क्षणात जाण्याची जी सवय जडली होती, तिचे हे फळ आहे.

मग पुन्हा अकरा वर्षांचा खंड पडला आणि ‘पूम्पुहार’ (१९६४) आला. पटकथा मु. करुणानिधी यांची, म्हणजे द्रविड चळवळीतल्या निरीश्वरवादी लेखकाची, आणि कवुंदी अडिगळ या जैन साध्वीच्या भूमिकेत कडव्या मुरुगनभक्त आणि जुन्या काँग्रेसनिष्ठ सुंदरांबाळ. राजा त्या दिवशी मारतो, देव थांबून मारतो, अशी एक तमिळ म्हण आहे. तिच्या आधारे लिहिलेल्या गीतात तो थांबून मारणारा देव कुठे निघून गेला, असा सवाल होता. सुंदरांबाळ यांनी ती ओळ गाण्यास नकार दिला आणि अखेर तो देव इथे आला आहे, अशी ओळ करून घेतली, असे सांगितले जाते. करुणानिधींनी ते मान्य केले, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

ए. पी. नागराजन यांच्या ‘तिरुविळैयाडल’ (१९६५) मध्ये त्या पुन्हा अव्वैयार झाल्या. आंब्याच्या फळावरून रुसून डोंगरावर गेलेल्या बाल मुरुगनाची समजूत घालणारे त्यांचे ‘पळम् नीयप्पा’ हे गीत आजही तमिळनाडूच्या देवळांतून वाजत असते. ‘कंदन करुणै’, ‘तुणैवन’, ‘कारैक्काल अम्मैयार’ (१९७३) हे पुढचे चित्रपट त्याच वळणाचे आहेत. ‘तुणैवन’मधील गायनासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्या साठीत होत्या, आणि १९७० साली पद्मश्री मिळाली. मिळालेल्या पैशातून त्यांनी आपल्या कोडुमुडीत चित्रपटगृह उभारले. १९८० साली त्यांचे निधन झाले.

ज्यांना त्यांचे गायन मुळातून ऐकायचे आहे त्यांना कामाच्या अनुभवावरून एक सावधगिरी सुचवतो. तबकड्यांवरून केलेल्या ज्या प्रती आज आंतरजालावर सहज मिळतात, त्यांतील कित्येकांची गती चुकलेली असते. जुन्या तबकड्या मिनिटाला अचूक अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या गतीनेच ध्वनिमुद्रित झाल्या होत्या असे नाही, त्यामुळे प्रत करताना गती थोडी वाढली की पट्टी चढते आणि आवाज विनाकारण बारीक व किरटा वाटू लागतो. किट्टप्पा आणि सुंदरांबाळ दोघेही मुळातच उंच पट्टीत गात असल्यामुळे हा दोष त्यांच्या बाबतीत फार जाणवतो. म्हणून आरंभ ‘अव्वैयार’ आणि ‘तिरुविळैयाडल’ या चित्रपटांतील गीतांनी करावा, कारण तिथे ध्वनी विश्वसनीय आहे आणि आवाजाचा खरा पोत कानात बसतो. तो बसल्यावर तीसच्या दशकातील तबकड्यांकडे जावे. एका बाजूवर मिळणाऱ्या तीनेक मिनिटांत पूर्ण आलापी, पल्लवी आणि दोन चरण बसवण्यासाठी त्यांनी नाटकातील विस्तार कसा आवळला आहे, शब्द कुठे आधी टाकला आहे आणि श्वास कुठे लपवला आहे, हे तेव्हा स्पष्ट ऐकू येते.